लातूरच्या एका टी-शर्ट ब्रँडनं छपाईची पद्धत कशी ठरवली

हे प्रकरण लातूरमधल्या भावा-बहिणीचं आहे. बहीण थोरली, हिशेबात पक्की. भाऊ पुण्यात डिझाइनचं काम करून गावी परतलेला. मराठवाडी बोलीतल्या ओळी आणि इथली चित्रं टी-शर्टवर छापून ऑनलाइन विकायची, असा दोघांचा बेत. बारा डिझाइन तयार होती. त्यातल्या निम्म्यांवर फक्त एक ओळ, काळ्या कापडावर पांढरी, 'लई ऊन पडायलंय' अशा धाटणीची. उरलेल्यांवर चित्रं: हुरड्याची आगटी, कवड्यांची माळ, उदगीरचा किल्ला. माझा व्यवसाय शाळांचे गणवेश शिवण्याचा, त्यामुळे छपाईवाल्यांकडे रोजचं येणं-जाणं. म्हणून दोघं माझ्याकडे आली.

प्रश्न त्यांनी असा विचारला: मशीन कोणतं घ्यावं? भावानं एका डीटीएफ मशीनचं (चित्र आधी फिल्मवर छापायचं, मग टी-शर्टवर दाबायचं) कोटेशन आणलं होतं आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज काढायची फाईलही तयार ठेवली होती.

"काका, अनुदान मिळायलंय तर घेऊन टाकू की," तो म्हणाला.

"आन् रोज छापणार काय? ऑर्डर कुठाय?" बहिणीनं मध्येच तोडलं.

या दोन वाक्यांतच सगळं प्रकरण होतं. अनुदान आहे म्हणून मशीन घेणारे मी बरेच पाहिलेत. मशीन दारात येतं, हप्ता सुरू होतो आणि मग त्या मशीनवर जे छापता येईल तेच विकायची पाळी येते. म्हणून आधी मशीनचा कागद बाजूला ठेवायला लावला आणि तीनच गोष्टी लिहून आणायला सांगितल्या. एका डिझाइनचे किती नग लागणार, त्यात रंग किती, आणि कापड नेमकं कशाचं?

उत्तरं आली ती अशी. सुरुवातीला एका डिझाइनचे पंचवीस नग, तेही पाच मापांत वाटलेले. रंग एकापासून चारपर्यंत. कापड तिरुपूरहून येणारं 180 जीएसएमचं (चौरस मीटरला 180 ग्रॅम वजनाचं) सुती, बायोवॉश केलेलं, म्हणजे एन्झाइमनं धुऊन मऊ केलेलं. (मराठवाड्याचा कापूस बाहेर जातो, तिकडे सूत, कापड, शिलाई सगळं होतं आणि कोरा टी-शर्ट होऊन आपल्याकडेच विकायला येतो. त्यावर पुन्हा कधी लिहीन.)

कापड सुती म्हटल्यावर सब्लिमेशन ही छपाईची पद्धत आपोआप बाद झाली. त्यातला रंग 200 अंशांच्या आसपास वायुरूप होऊन धाग्यात शिरतो, पण धागा पॉलिस्टरचा लागतो आणि कापड फिकट लागतं. क्रिकेटच्या जर्सीला त्याला तोड नाही. काळ्या सुती टी-शर्टवर त्याचा काही उपयोग नाही. व्हिनाइल कापून चिकटवणं नाव-नंबरापुरतं ठीक. उरल्या तीन पद्धती: स्क्रीन, डीटीजी आणि डीटीएफ.

स्क्रीन म्हणजे जाळीची चौकट. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट, आणि गडद कापडावर रंग उठून दिसायला खाली पांढऱ्याचा थर, म्हणजे आणखी एक. चार रंगांचं चित्र काळ्यावर घ्यायचं तर पाच चौकटी झाल्या. डीटीजीत टी-शर्टच प्रिंटरमध्ये घालतात, कागद घालावा तसा. गडद कापडाला आधी एक द्रावण फवारून दाबून घ्यावं लागतं, नाहीतर पांढरी शाई कापडात मुरून जाते. डीटीएफमध्ये चित्र फिल्मवर उलटं छापतात, ओल्या शाईवर गोंदाची पावडर टाकून ती वितळवतात आणि ती फिल्म हीट प्रेसनं साधारण 150 ते 160 अंशांवर दहा-पंधरा सेकंद टी-शर्टवर दाबतात. फिल्म ओढली की चित्र कापडावर राहतं.

हिशेब

बहिणीनं गावातल्या आणि बाहेरच्या छपाईवाल्यांकडून दर आणले. स्क्रीनची एक चौकट 400 रुपये. एकरंगी छपाई नगाला 12 रुपये, पाच चौकटींचं काम नगाला 40 रुपये. डीटीएफची छापील फिल्म 60 सेंटिमीटर रुंदीची, मीटरला 320 रुपये. हीट प्रेस मारायची मजुरी आणि वीज मिळून नगाला 10 रुपये धरले.

आगटीचं चित्र 28 सेंटिमीटर रुंद आणि 40 उंच होतं. एका मीटरमध्ये अशी चार बसतात, म्हणजे चित्राला 80 रुपये, प्रेससकट 90. वर जो 20 सेंटिमीटरचा पट्टा उरतो त्यात मानेमागची छोटी लेबलं भरायची, ती फुकटात पडतात. स्क्रीनवर हेच चित्र पंचवीस नगांना घेतलं तर नुसत्या चौकटींचे 2000 रुपये, नगाला 80, वर छपाईचे 40. झाले 120. अडीचशे नगांना मात्र चौकटींचा भार 8 रुपयांवर येतो आणि नग 48 मध्ये सुटतो. चाळीस नगांच्या आसपास दोन्ही पद्धती सारख्या पडतात.

एका ओळीच्या डिझाइनचं गणित वेगळं. ओळ 28 बाय 10 सेंटिमीटरची, मीटरला वीस बसतात, म्हणजे 16 रुपये आणि प्रेस धरून 26. स्क्रीनवर एकच चौकट. तिशीच्या आत-बाहेर दोन्ही बरोबरीत, शंभर नगांना स्क्रीन 16 रुपये.

डीटीजीचं कोटेशन पुण्याहून आलं. गडद टी-शर्टवर मोठ्या चित्राला 200 रुपयांच्या वर, नग एक असो की पन्नास. चित्रातल्या छटा फार सुंदर येतात, हे भावानं दहा वेळा सांगितलं. येतात, खरं आहे. पण 599 रुपयांना विकायच्या टी-शर्टमध्ये कोरा नग, छपाई, कुरिअर, जीएसटी आणि परत आलेल्या पार्सलांचा खर्च बसवायचा असतो.

खरा खर्च या दरांच्या बाहेर होता. कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरी परत येतात, आणि पंचवीसपैकी एल माप संपतं तेव्हा एस मापाचे सहा नग तसेच पडून असतात. कोरा काळा टी-शर्ट कधीही दुसऱ्या डिझाइनला वापरता येतो. छापलेला गेला तो गेला. इथं डीटीएफचा मोठा फायदा आहे. छापलेली फिल्म आणि कोरे टी-शर्ट वेगवेगळे ठेवायचे, आणि ऑर्डर आली की त्या मापावर ती फिल्म मारायची. फिल्म हवाबंद पिशवीत काही महिने नीट राहते. पावसाळ्यात उघडी ठेवली तर पावडर ओल धरते आणि चिकटण्याचा जोर कमी होतो, एवढं सांभाळायचं. बहिणीला ही व्यवस्था पाहताक्षणी पटली, कारण तिच्या मते धंदा बुडतो तो गोदामात.

धुणं

दर कागदावर ठरतात. टी-शर्ट मात्र घरातल्या मोरीत धुतला जातो. ब्रँडवाले लेबलवर 'थंड पाण्यात, उलटा करून' लिहितात आणि आपली माणसं बोअरच्या जड पाण्यात साबणाची वडी घासून, ब्रश मारून, पत्र्यावरच्या उन्हात वाळत घालतात. मे महिन्यात पारा 42-43 वर असतो, तेव्हा पत्र्यावर काय तापमान असेल याचा विचार करा. म्हणून नमुन्यांची परीक्षा त्यांच्या आईच्या हाती दिली. तिला सांगितलं, नेहमीसारखं धुवा, जपून नको.

एकच ओळ, एकाच गठ्ठ्यातले काळे टी-शर्ट, पाच प्रकारची छपाई: प्लास्टिसोल शाईचा (उष्णतेनं पक्की होणारी प्लास्टिकची शाई) स्क्रीन, बाजारात ज्याला रबर प्रिंट म्हणतात तो पाण्यावरच्या रबरी शाईचा स्क्रीन, डिस्चार्ज, डीटीजी आणि डीटीएफ. दहा धुण्यांनंतर पाचही सतरंजीवर मांडून बसलो.

डीटीजीचा पांढरा राखाडी झाला होता. नखानं पाहिलं तर कारण दिसत होतं: ब्रशनं कापडाचे काळे तंतू उभे राहिले होते आणि शाईच्या वर आले होते. रबर प्रिंट काखेकडच्या टोकाला, जिथं कापड ताणलं जातं, बारीक तडकला होता. प्लास्टिसोल जसाच्या तसा. दोन्ही हातांनी ताणला तरी फुटला नाही. फक्त त्यावरून इस्त्री फिरली तिथं शाई चकाकत होती आणि इस्त्रीच्या तळाला पांढरा डाग लागला होता. डिस्चार्जमध्ये वरून रंग बसवत नाहीत, कापडाचाच रंग रसायनानं काढतात. त्यामुळे निघण्यासारखं काही नव्हतंच. हाताला छपाई लागतही नव्हती. पण पांढरा म्हणावा असा पांढरा आला नाही, मळकट बदामी आला. शिवाय ताज्या नमुन्याला असा वास होता की पहिली धुलाई कारखान्यातच करावी लागली असती.

डीटीएफचे रंग टवटवीत होते, पण काही नमुन्यांत 'पडायलंय'वरचा अनुस्वार गेला होता. अक्षरं सगळी जागच्या जागी, टिंब तेवढं नाही. यात आश्चर्य काही नाही. शिरोरेखेला जोडलेलं अक्षर एकमेकांच्या आधारानं टिकतं. सुटं टिंब लहान, त्याखाली गोंदही तेवढाच थोडा, आणि ब्रशचं पहिलं टोक त्यालाच लागतं. भावानं मग टिंबं मोठी केली, रफार जाड केले आणि अर्ध्या मिलिमीटरहून बारीक रेघ ठेवायचीच नाही असं ठरवलं. रोमन अक्षरांत हा त्रास 'आय'च्या टिंबापुरता. देवनागरीत तो ओळीओळीला आहे. तयार डिझाइन विकत घेऊन छापणाऱ्यांच्या ध्यानात हे येत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची निघाली. डीटीएफचे काही नमुने फिल्म काढल्यावर टेफ्लॉनचा कागद ठेवून पुन्हा आठ-दहा सेकंद दाबले होते, काही नव्हते. टिंब गेलं ते दुसरा दाब न दिलेल्यांचं. दोन वेगवेगळ्या फिल्मवाल्यांच्या मालात एवढा फरक नव्हता जेवढा या एका दाबानं पडला. दुसऱ्यांचा माल छापून देणारे जॉबवर्कवाले घाईत हाच दाब वाचवतात.

परीक्षेत नसलेला एक टी-शर्टही मध्ये घुसला. काळा माल संपल्यावर भावानं स्थानिक ठोक व्यापाऱ्याकडून मरून रंगाचे काही नग 'शंभर टक्के कॉटन' म्हणून आणले आणि त्यावर पांढरी ओळ मारली. संध्याकाळी पांढरी होती, सकाळी गुलाबी. कापडातला धागा काढून काडीनं पेटवला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. याच्या टोकाला कडक काळा मणी तयार झाला. म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं होतं. पॉलिस्टरला दिलेला रंग प्रेसच्या उष्णतेनं उठतो आणि वरच्या पांढऱ्या शाईत चढतो, कधी लगेच, कधी दोन दिवसांनी. यावर उपाय म्हणून खास शाया मिळतात, पण छोट्या ब्रँडनं त्यात न पडता प्रत्येक नव्या गठ्ठ्यातल्या कापडाचा धागा जाळून पाहावा.

उन्हाळा, पाणी आणि वीज

स्वतःचं युनिट टाकायचा विषय पुन्हा निघालाच. स्क्रीनचं युनिट स्वस्तात उभं राहतं, पण त्याला पाणी लागतं: चौकटीच्या जाळीवर चित्र उघडायला, शाई धुवायला, जाळीवरचा जुना लेप (इमल्शन) काढायला. ज्या शहराला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं घराच्या मागच्या शेडमध्ये रोज चौकटी धुणं हा निर्णय नळ सुरू आहे तेव्हाही दोनदा विचार करून घ्यावा. आणि ते रंगीत पाणी सोडायचं कुठं? शेजारच्यांच्या गटारीत सोडून भागत नाही.

डीटीजी आणि डीटीएफ मशीनला पाणी नको, पण हवा आणि वीज हवी तशीच हवी. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ते जड, तळाशी बसतं, म्हणून मशीन शाई सतत फिरवत राहतं. वीज गेली की फिरणं थांबतं. आपल्याकडची उन्हाळी हवा इतकी कोरडी की शाई सोडणाऱ्या हेडच्या बारीक छिद्रांत शाई सुकते, आणि एकदा हेड गेलं की त्याचा खर्च छोट्या धंद्याला झेपत नाही. हे मशीन रोज चाललं तरच निरोगी राहतं. आठवड्याला वीस-पंचवीस ऑर्डरी असलेल्या माणसाला ते केवळ चालू ठेवण्यासाठी चालवावं लागतं.

हवेचा परिणाम शाई निवडतानाही होतो. गावातले जुने स्क्रीन छपाईवाले, ज्यांना सगळे मामा म्हणतात, उन्हाळ्यात पाण्यावरच्या शाईचं काम सकाळी लवकर उरकतात. दुपारी ती जाळीतच सुकते. प्लास्टिसोल हवेनं सुकतच नाही. तिला साधारण 160 अंशांची उष्णता लागते, त्यामुळे ती जाळीत दिवसभर ओली राहते. पण तोच तिचा धोकाही आहे. वरून सुकल्यासारखी दिसते आणि आत कच्ची राहिली की चार धुण्यांत तडकते. मामांचं म्हणणं, "हाताला सुकलेली लागती हो, पण ताणल्याशिवाय विश्वास ठिवायचा नाही." ते प्रत्येक फेरीतला एक नग ताणून पाहतात. बहिणीनं त्यांच्याकडे काम द्यायचं ठरवलं ते दरापेक्षा या सवयीमुळे.

काय ठरलं

मशीन घ्यायचं नाही. 16 बाय 24 इंची एक हीट प्रेस तेवढी घ्यायची, आणि तिला स्वतंत्र जाड वायरची लाइन, कारण घरच्या इन्व्हर्टरवर ती चालत नाही. बाराही डिझाइन आधी डीटीएफवर, फिल्म मीटरवर बाहेरून छापून आणायची. जे डिझाइन चाळिशी ओलांडून सलग खपत राहील ते मामांकडे स्क्रीनवर न्यायचं.

मोठ्या चित्रांबद्दल माझा आग्रह वेगळा होता. छातीभर सलग डीटीएफ म्हणजे अंगावर प्लास्टिकचा ताव. मे महिन्यात तो घालून कुणी बाहेर निघणार नाही, आणि निघाला तर परत घेणार नाही. भावाला आगटीच्या मागची काळी रात्रही छापायची होती. टी-शर्टच काळा आहे, रात्र त्याच्यातच आहे, मग शाई कशाला? पार्श्वभूमी काढली, ज्वाळांच्या मध्ये कापड उघडं ठेवलं. चित्र हलकं झालं, हवा खेळायला लागली, आणि खरं सांगायचं तर आधीपेक्षा देखणं दिसायला लागलं. भावाला ते पटायला वेळ लागला.

भगव्याचा मुद्दा शिवजयंतीच्या ऑर्डरीत आला. डीटीएफ चार मूळ रंगांतून बाकीचे रंग बनवतं, त्यात झगझगीत भगवा बसत नाही. तो विटकरीकडे झुकतो. 19 फेब्रुवारीच्या मिरवणुकीत असा भगवा चालत नाही. स्क्रीनवर मात्र तीच शाई डब्यातून काढून लावायची असते. त्यामुळे भगवा असलेलं काम नग कमी असले तरी स्क्रीनवरच, दर थोडा जास्त सांगून. पुढं 17 सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या रॅलीसाठी पांढऱ्या टी-शर्टवर एकरंगी छपाईचे पाचशे नग आले, तेव्हा विचार करायची गरजच नव्हती. फिकट कापडावर पाण्यावरची पिगमेंट शाई, हाताला मऊ आणि स्वस्त. जर्सीच्या चौकशा येतात त्या मात्र ते सरळ सब्लिमेशनवाल्याकडे पाठवतात.

दिवाळीपर्यंत दोन ओळी स्क्रीनवर गेल्या. त्यातून एक नवा गोंधळ निघाला: एकाच मित्रमंडळींनी मागवलेल्या चार टी-शर्टांत दोन जुन्या डीटीएफच्या साठ्यातले होते आणि दोन स्क्रीनचे. डीटीएफचा पांढरा किंचित निळसर आणि चकचकीत, प्लास्टिसोलचा दुधाळ आणि मंद. एकटा पाहिला तर कुणाच्या लक्षात येत नाही, शेजारी उभे राहिले की डोळ्यात भरतं. आता एखादं डिझाइन स्क्रीनवर न्यायचं ठरलं की आधी त्याची उरलेली फिल्म संपवतात, मगच चौकट बनवतात.

आगटीचं चित्र खपतंय, पण ते अजून डीटीएफवरच आहे. ज्वाळांतल्या केशरी-पिवळ्या छटा स्क्रीनवर घ्यायच्या तर बारीक ठिपक्यांत फोडाव्या लागतील, आणि मामांच्या हातच्या छपाईला तेवढी अचूक जुळणी दोनशे नगांभर टिकेल याची खात्री नाही. बहीण म्हणते तीन सपाट रंगांत पुन्हा काढ. भाऊ म्हणतो मग ती आग राहत नाही, जाहिरात होते. दोघांचंही बरोबर आहे. तूर्त त्यांनी हुरड्याच्या हंगामापुरतं ते 90 रुपयांतच छापायचं ठरवलंय आणि किंमत 50 रुपयांनी वाढवलीय.

मशीनची फाईल भावानं फाडलेली नाही. महिन्याला शंभर मीटर फिल्म सलग सहा महिने लागली तर ती पुन्हा उघडायची, असा आकडा बहिणीनं वहीत लिहून ठेवलाय. सध्या तीस-पस्तीस लागते.